सोलापुरात जुनी व्हेंटो की रॅपिड? १.५ डिझेल, डीएसजी की मॅन्युअल – काय काय तपासू?

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. साडेपाच लाखांच्या आत जुनी गाडी घ्यायची आहे. दोन गाड्या हेरून ठेवल्यात.

१) फोक्सवॅगन व्हेंटो हायलाईन १.५ टीडीआय (डिझेल) डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). २०१६ ची नोंदणी, ९२,००० किमी, दुसरा मालक, एमएच १२ पासिंग. सध्या सोलापुरातल्याच एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे उभी आहे.

२) स्कोडा रॅपिड १.५ टीडीआय मॅन्युअल. २०१७, १,१८,००० किमी, पहिला मालक, एमएच १३. थेट मालकाकडून.

वापर शहरात रोज पंधरा-वीस किमी, महिन्यातून दोन-तीनदा पुणे, अधूनमधून विजयपूर. घरात गाडी दोघं चालवणार. त्यातल्या एकाचे गुडघे दुखतात, क्लच दाबणं जड जातं, म्हणून व्हेंटोकडे ओढा जास्त आहे. पण डीएसजीबद्दल जो तो घाबरवतो. ही भीती कितपत खरी? बघायला जाताना नेमकं काय तपासायचं? आणि सोलापुरात राहून ही गाडी सांभाळणं झेपेल का?

के१_के२

भीतीला कारण आहे, पण गाडी बघता येते. आधी त्या गिअरबॉक्समध्ये काय असतं ते समजून घ्या, म्हणजे डीलर काय दाखवतोय आणि काय झाकतोय हे तुमचं तुम्हाला कळेल.

व्हेंटोत आहे तो डीक्यू२००, सात गिअरचा, ड्राय क्लचचा. त्यात दोन क्लच. के१ वर १, ३, ५, ७ हे गिअर. के२ वर २, ४, ६ आणि रिव्हर्स. हे क्लच तेलात बुडालेले नसतात, त्यामुळे त्यांची उष्णता वाहून न्यायला काही नाही. शिवाय या गिअरबॉक्सची टॉर्कची मर्यादा २५० न्यूटन-मीटर, आणि १.५ टीडीआय देतो तेवढाच, २५०. म्हणजे डिझेलमध्ये तो पहिल्या दिवसापासून काठावर काम करतो. हायवेवर काही त्रास नाही. त्रास होतो मे महिन्यात नवी पेठेत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत सरकत जाताना. क्लच अर्धवट पकडून घासत राहतो, तापतो, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि मग गाडी थरथरायला लागते.

दुसरा भाग मेकॅट्रॉनिक. गिअर बदलणारं हायड्रॉलिक्स, व्हॉल्व्ह आणि कंट्रोल युनिट सगळं एकाच ठोकळ्यात. त्यात दाब साठवणारा अॅक्युम्युलेटर असतो. तो ज्या अॅल्युमिनियमच्या भागात बसतो तिथे तडा जातो, तेल बाहेर येतं, पंप दाब धरायला सतत चालत राहतो आणि शेवटी गाडी गिअरच घेत नाही. गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी१७बीएफ किंवा पी१८९सी हा कोड दिसला की दाबाचाच घोळ समजा. असा कोड असलेली गाडी सोडून द्या. घासाघीस करायलाही बसू नका.

आता तपासणी. डीलरला आदल्या दिवशी सांगून ठेवा की गाडी सकाळी सुरू करायची नाही. तुम्ही जाल तेव्हा बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर परत या, दुसऱ्या दिवशी जा. गाडी थंड असताना सुरू करा, डी मध्ये टाका, ब्रेक सोडा, अॅक्सिलरेटरला पाय लावू नका. गाडी गुळगुळीत सरकली पाहिजे. मग रिव्हर्समध्ये तेच. डी वरून आर वर टाकताना ठक्क असा धक्का बसू नये. त्यानंतर निदान ४५ मिनिटं चालवा, आणि त्यातली २० मिनिटं मुद्दाम गर्दीत. संध्याकाळी नवी पेठ, सात रस्ता असा फेरा झाला की गिअरबॉक्स हवा तेवढा तापतो. तापल्यावर पुन्हा तीच परीक्षा घ्या आणि एखाद्या पुलाच्या चढावर थांबून हळू निघून बघा. थंड असताना छान आणि तापल्यावर १ ते २ बदलताना थरथर, म्हणजे क्लच संपत आलाय. टेस्ट ड्राइव्ह चौकापर्यंत नेऊन परत आणायचा डीलरचा आग्रह असतो तो म्हणूनच.

रॅम्पवर चढवून गिअरबॉक्सच्या पुढच्या-खालच्या बाजूला टॉर्च मारा. मेकॅट्रॉनिकचं तेल आणि गिअरचं तेल वेगवेगळ्या कप्प्यांत असतं, साधारण एक लिटर आणि पावणेदोन लिटर. मेकॅट्रॉनिकच्या बाजूला ओल दिसली तर 'तेल टॉप-अप करून देतो' या आश्वासनाला काही अर्थ नाही, तेल गेलं कुठून हा प्रश्न आहे. आणि नुसतंच धुऊन चकाचक केलेलं अंडरबॉडी दिसलं तर शंका घ्या, २० मिनिटं चालवून पुन्हा बघा.

फोक्सवॅगनने नोव्हेंबर २०१३ मध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांमधलं याच गिअरबॉक्सचं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरायची मोहीम काढली होती. उष्ण-दमट हवेत आणि थांबत-चालत ट्रॅफिकमध्ये सिंथेटिक तेलामुळे आत शॉर्ट सर्किट व्हायचं. तुमची गाडी त्यानंतरची आहे, त्यामुळे तो विशिष्ट दोष तुमच्या वाट्याला नाही. पण कोणी मेकॅनिक 'यात भारीतलं सिंथेटिक टाकू' म्हणाला तर ठाम नाही म्हणा. पार्ट नंबरप्रमाणे जे तेल आहे तेच.

बार्शी_नाका

मॅन्युअल घ्या मालक. क्लच गेला तरी कुठलाही बरा मेकॅनिक एका दिवसात बसवून देतो. फक्त क्लच बदलताना फ्लायव्हील ड्युअल-मास असेल तर ते हलवून बघायला सांगा, खेळ जास्त असेल तर त्याच वेळी बदला. गिअरबॉक्स दोनदा उतरवायची मजुरी कशाला?

टायमिंग_बेल्ट

गिअरबॉक्सवर बोलून झालं, पण दोन्ही गाड्यांचं इंजिन तेच आहे आणि त्यातला सगळ्यांत महागडा धोका कोणी विचारलाच नाही. १.५ टीडीआयला टायमिंग चेन नाही, बेल्ट आहे. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उघडावं लागतं. १,१८,००० ची रॅपिड आहे, तिचा बेल्ट बदलल्याचं बिल आहे का? 'बदललाय' हे तोंडी चालणार नाही. बिलात तारीख, किमी आणि चार वस्तू दिसल्या पाहिजेत: बेल्ट, टेन्शनर, आयडलर पुली आणि वॉटर पंप. पंप त्याच बेल्टवर फिरतो. तो तसाच ठेवून नुसता बेल्ट टाकला असेल तर पंपाची गळती किंवा बेअरिंग नव्या बेल्टलाही घेऊन जातं.

सोलापूरच्या धुळीत आणि उन्हात मी ९०,००० किमी किंवा सहा वर्षं, यातलं आधी येईल ते धरतो. या हिशेबाने दोन्ही गाड्यांचा बेल्ट एकदा बदललेला असायलाच हवा. व्हेंटोचे किमी कमी असले तरी वर्षं झालीत. बिल नसेल तर बदललेलाच नाही असं समजा, तेवढे पैसे किमतीतून कापून घ्या आणि गाडी ताब्यात आल्यावर पुण्याची फेरी करण्याआधी आपल्या खर्चाने बदला. कंपनीचा बॉक्सबंद संच मिळत नसेल तर काँटिटेक, गेट्स किंवा आयएनए यांचा पूर्ण संच घ्या. सुटे सुटे भाग जमवू नका.

इंजिनाचं बाकीचं असं बघा. थंड स्टार्टला निळा-पांढरा धूर किती वेळ राहतो. ऑइल फिलरचं झाकण काढून इंजिन चालू असताना वाफेचा जोर किती. इंटरकूलरच्या होजला तेलाचा ओलावा थोडा चालतो, थेंब पडत असतील तर टर्बोचं सील तपासावं लागेल. चौथ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवरून पूर्ण अॅक्सिलरेटर द्या. २,००० च्या आसपास ओढ स्पष्ट जाणवली पाहिजे. ओढ येतच नसेल तर ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) काजळीने अडकलेला असतो किंवा टर्बोचा अॅक्च्युएटर नीट हलत नसतो. रोज पंधरा किमीच चाललेल्या डिझेल गाड्यांत ईजीआरचं दुखणं ठरलेलं.

आणि कूलंट. टाकीचं झाकण थंड असताना उघडा. गुलाबी किंवा जांभळट रंग आणि स्वच्छ द्रव पाहिजे. तपकिरी गाळ किंवा नुसतं पाणी दिसलं तर मागच्या मालकाने बोअरचं पाणी ओतलंय. आपल्याकडच्या पाण्यात क्षार किती आहेत हे गीझरची कॉइल बघितलेल्या माणसाला सांगायला नको. तोच थर रेडिएटरच्या आणि हीटर कोअरच्या नळ्यांत बसतो. हिरवं कूलंट गुलाबीत मिसळलं तर जेलीसारखा गाळ धरतो. दोष डॅशवर दिसत नाही, दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून स्कॅनर लावून गाडी एसीसकट उन्हात वीस मिनिटं उभी चालू ठेवा आणि कूलंटचं खरं तापमान वाचा. पंखा वेळेवर लागून आकडा १०५ च्या पुढे जाऊ नये. दुपारी दोन वाजता करा हे, सकाळी आठला नाही.

के१_के२

टायमिंग_बेल्ट यांच्या स्कॅनरच्या मुद्द्याला जोड. साध्या निळ्या ब्लूटूथ डोंगलने फक्त इंजिनाचे कोड दिसतात. व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन (फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांचे स्कॅनर) असलेला माणूस घेऊन जा, त्यात गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग, सगळ्या मॉड्यूलची झडती होते. कोडच्या सोबत फ्रीझ फ्रेम असते आणि त्यात कोड पडला तेव्हाचे किमी लिहिलेले असतात. मीटरवर ९२,००० आणि जुन्या कोडमध्ये १,३८,००० दिसलं तर मीटर मागे फिरवलंय, दुसरा पुरावा नको. हे कळणाऱ्या डीलरने कोड आधीच पुसलेले असतात. सगळे कोड आजच पुसलेले दिसणं हाही एक इशाराच. तेव्हा लगेच निर्णय घेऊ नका, ५० किमी चालवून पुन्हा वाचा.

जुळे_सोलापूर

खूप उपयोगी माहिती, आभार. स्कॅनरवाला माणूस मिळालाय. व्हेंटोचा डीलर म्हणतो 'मेकॅट्रॉनिक मागच्या वर्षी नवीन बसवलंय', पण बिल दाखवत नाही. रॅपिडवाल्याकडे बेल्टचं बिल आहे, ८६,००० ला बदललाय, पंपासकट. अजून एक पर्याय पुढे आलाय: हैदराबादची २०१६ ची व्हेंटो टीडीआय मॅन्युअल, बरीच स्वस्त. बाहेरच्या राज्याची घ्यावी का? आणि कागदपत्रांचं कोणी सांगेल का?

फॉर्म_२९

कागदपत्रांचं माझ्याकडून. रॅपिड एमएच १३ ची असल्याने सगळ्यांत सोपी. विक्रेत्याच्या सहीचे फॉर्म २९ दोन प्रती, तुमच्या-त्याच्या सहीचा फॉर्म ३०, मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, आधार-पॅन. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र, आणि तो बोजा आधी उतरवून घ्या. पूर्ण पैसे त्यानंतरच. एमएच १२ ची गाडी घेतली तरी नंबर बदलत नाही, राज्य एकच आहे.

गाडीच्या नंबरवरून परिवहनच्या साइटवर ई-चलन, बोजा, ब्लॅकलिस्ट तपासा. थकीत चलन असेल तर ते विक्रेत्याने भरायचं, व्यवहारात ते लिहून घ्या. डीलरकडून घेताना त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत गाड्यांचा व्यापार करणाऱ्याला ते लागतं, आणि मूळ मालकाने गाडी डीलरला दिल्याची नोंद पोर्टलवर झालेली असते. ती नोंद नसेल तर मूळ मालक सहीला सापडेपर्यंत तुमचं नाव आरसीवर चढत नाही.

इन्शुरन्स १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. नो-क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो तुम्हाला मिळणार नाही, तेव्हा प्रीमियमचा फरक भरायची तयारी ठेवा. २०१९ च्या एप्रिलच्या आधीची गाडी आहे, उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसली आहे का तेही बघा.

हैदराबादच्या गाडीचं गणित वेगळं. तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी, मग महाराष्ट्राचा रोड टॅक्स, मग नवीन नंबर. स्वस्ताई यातच विरते. टॅक्स किती बसेल हे आरटीओत मॉडेल आणि वर्ष सांगून आधी काढून घ्या, एजंटच्या अंदाजावर जाऊ नका. हाच नियम विजयपूर-कलबुर्गीच्या केए २८, केए ३२ गाड्यांना. दिल्लीतून दहा वर्षांची डिझेल म्हणून एनओसी घेऊन आलेल्या गाड्याही इकडे विकायला येतात. त्या कागदाला स्वच्छ असतात, पण आणखी एक राज्य पार केलेली असते आणि सर्व्हिसचा माग काढणं अवघड.

सीटखाली_बघा

हैदराबाद म्हटलं म्हणून सांगतो. ऑक्टोबर २०२० ला तिथे मोठा पूर आला होता. कोल्हापूर-सांगलीला २०१९ आणि २०२१ ला. २०१६ ची गाडी त्या वेळी रस्त्यावर होतीच. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या भागावर मातीची रेघ दिसली तर विषय संपला. सीटचे रूळ आणि बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, पुढचं कार्पेट उचलून खालचा फोम ओलसर किंवा कडक झालाय का. या गाड्यांत वायरिंगचे जोड आणि काही मॉड्यूल खालच्या बाजूला असतात. पाण्यात गेलेली गाडी एका वर्षानंतर एकेक दिवे लावत बसते आणि कोणाला कारण सापडत नाही.

पेंटची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर न्या. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन असतो. २५० च्या पुढे रंगाचा दुसरा हात, ५०० च्या पुढे खाली पुट्टी. दरवाजाला दुसरा हात असला तर बिघडत नाही, पण छत आणि खांबांवर पुट्टी असेल तर घेऊ नका.

टायमिंग_बेल्ट

८६,००० ला पंपासकट बदललाय, म्हणजे किमीच्या हिशेबाने रॅपिडचं मोठं काम मार्गी लागलंय. बिलावरची तारीख मात्र बघा, सहा वर्षांचा नियम तिलाही लागू. माझा कौल रॅपिडला. आणखी एक बघून घ्या: डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहाने ईए१८९ या डिझेल इंजिनाच्या ३,२३,७०० गाड्या भारतात सॉफ्टवेअर बदलासाठी परत बोलावल्या होत्या, नोव्हेंबर २०१५ पर्यंत बनलेल्या. दोन्ही व्हेंटो २०१६ च्या नोंदणीच्या असल्या तरी बनल्याचा महिना आरसीवर वाचा, २०१५ ची निघाली तर काम झालंय का ते चॅसिस नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून विचारता येतं. त्याच नंबरवर जुनी सर्व्हिस हिस्टरीही निघते, आणि डीलरचं ते मेकॅट्रॉनिक खरोखर बसलंय का तेही. कंपनीबाहेर बसवलं असेल तर जुन्या-नव्या युनिटचा पार्ट नंबर आणि बिल, दोन्ही हवंच. नसेल तर बसवलेलं नाही.

रॅपिडच्या सस्पेन्शनमध्ये पुढच्या लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि स्ट्रट माउंट हे या किमीला संपतात. गतिरोधकावरून हळू जाताना टक-टक आवाज येईल. भाग मिळायला अडचण नाही, पोलो-व्हेंटो-रॅपिड-अमिओ यांच्यात बरेच भाग सामाईक आहेत आणि लेमफोर्डर, टीआरडब्ल्यू, सॅक्स यांचे बाजारात असतात. काचा वर-खाली करायची यंत्रणा चारही दारांची तपासा, तिच्या तक्रारी या गाड्यांत नेहमीच्या.

गुडघे_महत्त्वाचे

सगळे मॅन्युअल म्हणताय, पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पुण्यापर्यंतचे अडीचशे किमी क्लच दाबत जायचं का? त्यांचा प्रश्न खरा आहे. तिसरा रस्ता सांगतो: रॅपिड १.६ एमपीआय पेट्रोल ऑटोमॅटिक. १०५ पीएस, टर्बो नाही, आणि गिअरबॉक्स डीएसजी नसून सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून जोर पोचवणारा). त्यात घासून संपणारे ड्राय क्लच नाहीत, गर्दीत सरकत राहायला तोच बरा. मायलेज कमी मिळेल हे मान्य. पण रोज पंधरा-वीस किमीला डिझेलची बचत ती किती, आणि आखूड फेऱ्यांत ईजीआर काजळणार ते वेगळंच.

यात एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) 'आयुष्यभर चालतं' असं सांगितलं जातं, त्यावर जाऊ नका. ६०,००० किमीला बदला. ड्रेन केल्यावर एकूण तेलाच्या निम्म्याच्या आसपास निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून एकदा बदलून हजार किमी चालवा आणि पुन्हा एकदा बदला. बघायला जाल तेव्हा डी वरून आर वर टाकताना उशीर किंवा दणका, आणि ३-४ बदलताना आरपीएम उगाच उडणं, या दोन गोष्टी बघा.

के१_के२

सहमत. आणि तरीही डीएसजीच घेणार असाल तर दोन अटी: सगळ्या परीक्षा पास, आणि खरेदीच्या किमतीबाहेर एक लाख बाजूला. ते पैसे वेगळे काढता येत नसतील तर डीएसजी तुमच्यासाठी नाही. क्लचचा संच लुक (LuK) या कंपनीचा येतो, पण तो बसवायला खास हत्यारं आणि नंतर व्हीसीडीएसवर बेसिक सेटिंग लागतं. ते न करता गाडी हातात दिली तर नवा क्लचही थरथरतो. हे काम पुण्यात, डीक्यू२०० नेहमी उघडणाऱ्या माणसाकडेच द्या. गाडी बंद पडली तर दोरीने ओढून नेऊ नका, फ्लॅटबेड मागवा.

चालवताना: सिग्नलला ब्रेक पूर्ण दाबा म्हणजे क्लच सुटतो, अर्धवट दाबून गाडी इंचाइंचाने सरकवू नका. मिनिटाच्या वर थांबायचं असेल तर एन मध्ये टाका. चढावर अॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवू नका, ब्रेकने धरा. गर्दीत पुढच्या गाडीपासून दोन गाड्यांचं अंतर पडू द्या आणि मग एकदम पुढे जा.

जुळे_सोलापूर

बेल्टच्या बिलावर २०२२ ची तारीख आहे, म्हणजे सहा वर्षांच्या आत. रॅपिड डिझेल रविवारी दुपारी दोनला बघतोय, स्कॅनर आणि रॅम्प दोन्ही ठरलंय. तोवर १.६ ऑटोमॅटिक शोधायला सुरुवात केली आहे. डिझेल घेतली तर पहिल्या सर्व्हिसला काय काय करू?

टायमिंग_बेल्ट

इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, केबिन फिल्टर, ब्रेक ऑइल आणि कूलंट पूर्ण फ्लश. ऑइल घेताना नुसतं ५डब्ल्यू-३० बघू नका. डब्याच्या मागे फोक्सवॅगनचा मंजुरी क्रमांक छापलेला असतो, तो गाडीच्या पुस्तकातल्या क्रमांकाशी जुळवा. कंपनी १५,००० म्हणते, इथे १०,००० ला बदला. कूलंट गाढं (कॉन्सन्ट्रेट) असेल तर निम्मं डिस्टिल्ड पाणी, नळाचं नाही. ड्रेन प्लगचं वॉशर नवीन टाका, आणि इंजिनखालचं प्लास्टिक कव्हर जागेवर आहे का ते रविवारीच बघा. बऱ्याच गाड्यांचं कुठल्यातरी गॅरेजमध्ये राहून गेलेलं असतं, आणि मग खडी उडून थेट ऑइल चेंबरला लागते.